अठ्ठेचाळीस तास

इंदूरला समुद्र नाही.
तरी मागच्या माघात एक पुरा सोमवार
मी समुद्राचंच काम केलं:
अकरा नाकं, अकरा घसे,
स्कूटरवर पायांमध्ये बर्फाचा डबा
आणि लोकमान्यनगरातले जिने.

मंडळाची सहल होती.
मुंबईहून जहाज, चार रात्री पाण्यावर, मग एक बेट.
बेटाचा कायदा कडक:
चढण्याआधी अठ्ठेचाळीस तासांच्या आतली चाचणी,
नाव पासपोर्टातल्यासारखं, अक्षरन् अक्षर,
शिक्का गोल, सही निळ्या शाईत,
नाहीतर धक्क्यावरूनच परत.

हे सगळं पाठ होतं प्रमोदिनी टेंब्यांना,
वीजमंडळाच्या हिशेब खात्यातून निवृत्त.
वहीत रकाने आखलेले:
मंगळवारी संध्याकाळी गाडी, बुधवारी दुपारी दोनला बंदर,
म्हणजे नमुना सोमवारी दोनच्या पुढेच.
"आधी घेतलात तर बेट आपलं नाही, हो न?"

अकराही जणांचे फॉर्म त्यांनीच भरले.
गेल्या चौदा दिवसांत आपण कुठे होतात?
कर्णिक: घरी.
घुलेकाका: घरी, आणि दाताच्या डॉक्टरकडे.
आपल्यासोबत जनावर, बियाणं, माती आहे का?
इथे घुलेकाकूंच्या डबीतल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवरून
दहा मिनिटं वाद.
शेवटी मंजिऱ्या देव्हाऱ्यात राहिल्या.

नाकात काडी गेली की माणूस
देवाचं नाव घेतो, नाहीतर शिवी देतो.
टेंबेबाईंनी घड्याळ पाहिलं.
"दोन वाजून सात. लिहा."

मंगळवारी सकाळी यंत्राच्या पडद्यावर
दहा रेघा जमिनीलगत पडून राहिल्या.
अकरावी उठली,
उतू जाणाऱ्या दुधासारखी.
नमुना पुन्हा लावला.
दूध पुन्हा वर.

खोटं कशाला बोलू, बोट की-बोर्डवर होतं.
एक शब्द फक्त. ताप नव्हता त्यांना,
कोण बघायला येणार होतं?
मग डोळ्यांपुढे आली
जहाजातली बिनखिडकीची खोली
आणि घुलेकाकांचं फुप्फुस, आधीच अर्धं.

फोन केला. सांगितलं.
त्या म्हणाल्या, नमुना क्रमांक परत वाचा.
वाचला.
"बाकीचे दहा?"
साफ.
बराच वेळ फक्त त्यांच्या पंख्याचा आवाज.
"काल रात्रीच घसा खवखवला, तेव्हापासून दार लावून आहे.
परस्पर स्टेशनवर येते म्हणून कळवलंय सगळ्यांना.
वही दाराबाहेर ठेवली आहे, तेवढी घुल्यांकडे पोचवा.
आणि गाडी हलेपर्यंत बोलू नका.
येडे आहेत, रद्द करून बसतील,
पैसेही परत मिळत नाहीत."

मी वही पोचवली.
शेवटच्या पानावर लिहिलं होतं,
ओळीखाली पट्टीने रेघ मारून:
बेटावर उतरताना घाई करू नये, कागद हातात ठेवावेत.

बारा दिवसांनी त्यांचाच फोन. चाचणी करायची आहे.
कुठे निघालात?
"कुठे नाही. पण कागद हवा.
पासपोर्टातल्यासारखं नाव. निळी सही."
गेलो. त्यांनी घड्याळ पाहिलं.
"दोन वाजून वीस."

दुसऱ्या दिवशी बारा-सव्वाबाराला अहवाल घेऊन गेलो
तर चपला घालून दारातच उभ्या.
चष्मा काढून, पुसून, परत लावून
पहिल्यापासून वाचला,
शिक्का उजेडात धरून पाहिला,
चौघडी करून पर्समध्ये ठेवला.
फाटकावर चौकीदार म्हणाला, राम राम मावशी.
त्यांनी पर्स उघडली होती.
त्याने काही मागितलंच नाही.

रिक्षात बसताना मला म्हणाल्या,
"बिजासनच्या टेकडीवर जाऊन येते.
अजून सव्वीस तास चालतो हा."